तीव्र ऑटिझमसाठी वेगळा सरकारी दिवस आहे का, आणि असायला हवा का?

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे, थोडक्यात सांगते. मुलगा १७ वर्षांचा, बोलत नाही, संडास-बाथरूमला अजून माणूस लागतो, बिनसलं की स्वतःच्याच कानशिलात मारून घेतो. आणि दर २ एप्रिलला सोसायटीच्या ग्रुपवर निळे दिवे, निळे टीशर्ट, कुठलातरी ऑटिस्टिक मुलगा पियानो वाजवतोय त्याचा व्हिडिओ, खाली टाळ्यांची रांग. त्यांनी विचारलंय की आमच्यासारख्यांसाठी म्हणजे सिव्हिअर ऑटिझमसाठी वेगळा ऑफिशियल दिवस आहे का, नसला तर मागणी कुठे करायची, आणि तोवर २ एप्रिलला आम्ही नेमकं काय करायचं.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, सेंटर ठाण्यात, पण विटावा ओलांडून ऐरोली-घणसोलीपासून नेरूळपर्यंतची मुलं येतात, आणि त्यातली बरीचशी आता मुलं राहिलेली नाहीत, दाढी-मिशा आलेले दादा लोक आहेत. त्यामुळे हा विषय जरा जवळचा, उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

आधी सरळ उत्तर. नाही. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत तीव्र ऑटिझमचा असा वेगळा दिवस नाही आणि आपल्याकडेही नाही. जो आहे तो सगळ्यांचा मिळून एकच, २ एप्रिल, जागतिक ऑटिझम जागरूकता दिन. तो आला कुठून तर कतारने ठराव मांडला, १८ डिसेंबर २००७ ला आमसभेने तो मंजूर केला आणि २००८ पासून दिवस पाळायला सुरुवात झाली. आता गंमत बघा, त्या ठरावात सगळ्या देशांना सांगितलंय की समाजात, अगदी घरातल्या लोकांमध्येसुद्धा, ऑटिझम असलेल्या मुलांबद्दल जागरूकता वाढवा. मुलांबद्दल. मोठ्यांचं काय हे तेव्हा कोणाच्या फारसं डोक्यातच नव्हतं. पुढे २०१२ साली बांगलादेशच्या पुढाकाराने दुसरा ठराव झाला त्यात ऑटिझम आणि बाकीच्या विकासात्मक अपंगत्वांच्या कुटुंबांच्या सामाजिक-आर्थिक गरजा वगैरे आल्या, पण लोकांच्या मनात बसलं ते पहिलंच, गोड चिमुरडं आणि निळा फुगा.

आणि हो, तो निळा रंग सरकारी नाही हं. बऱ्याच पालकांना वाटतं की युनोने सांगितलंय म्हणून निळं घालायचं. तसं काही नाही, ऑटिझम स्पीक्स नावाच्या अमेरिकन संस्थेने २०१० मध्ये इमारतींवर निळे दिवे लावायची मोहीम काढली, ती जगभर पसरली. तुमच्या सोसायटीला निळं करायचं असेल तर करू दे, पण तुम्ही निळा कुर्ता घातला नाही म्हणून तुम्ही काही बुडवलं असं अजिबात नाही.

आता तुमचा मुलगा त्या व्हिडिओत का नसतो ते सांगते, कारण त्यात कोणाचा एकट्याचा दुष्टपणा नाहीये, व्यवस्थाच तशी झालीय. २०१३ ला अमेरिकेतलं डीएसएम-५ आलं, म्हणजे मानसिक आणि विकासाच्या अडचणींचं निदान कसं करायचं ते सांगणारं डॉक्टरांचं पुस्तक. त्याच्याआधी ऑटिस्टिक डिसऑर्डर, ॲस्पर्जर, पीडीडी-एनओएस अशी वेगवेगळी नावं लिहिली जायची, ती सगळी काढून एकच नाव ठेवलं, ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर, आणि आत लेव्हल १, २, ३. लेव्हल ३ म्हणजे खूपच जास्त आधार लागणारा. रिपोर्टवर लेव्हल लिहिलेली असते पण रिपोर्ट फाईलमध्ये जातो आणि बाहेर सगळे नुसतं ऑटिझम म्हणतात. मग आयटी कंपनीत कोडिंग करणारा पण ऑटिझम आणि तुमचा मुलगा पण ऑटिझम. शेजारच्या काकूंनी पहिल्याबद्दल पेपरात वाचलेलं असतं आणि मग त्या लिफ्टमध्ये तुम्हाला विचारतात की याला कशात टॅलेंट आहे हो.

हे फक्त आपल्याकडच्या पालकांनाच खटकलं असं नाही. २०२१ च्या डिसेंबरमध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा मोठा अहवाल आला त्यात त्यांनी प्रोफाउंड ऑटिझम हा शब्द पुढे केला, याच लोकांसाठी. त्यांची व्याख्या साधी आहे. कोणीतरी मोठं माणूस चोवीस तास हाताशी लागतं, एकट्याला घरात सोडता येत नाही, रोजची स्वतःची कामं स्वतः होत नाहीत, आणि बहुतेक वेळा बुद्ध्यांक ५० च्या खाली किंवा बोलणं जवळजवळ नाही. हा शब्द ८ वर्षांच्या पुढेच वापरा असंही त्यांनी म्हटलंय, म्हणजे ३ वर्षांच्या पोराला कोणी लगेच हा शिक्का मारत असेल तर थांबवा त्यांना. आणि हे काही वेगळं निदान नाही, डीएसएममध्ये नाही, आयसीडी म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत नाही, सोय म्हणून केलेलं नाव आहे. मग २०२३ ला अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने त्यांच्याकडच्या जुन्या नोंदींना हीच व्याख्या लावून बघितली तर ऑटिझम असलेल्या ८ वर्षांच्या मुलांपैकी २६.७ टक्के यात बसली. चारातलं एक मूल. तिकडचा आकडा आहे, आपल्याकडे जसाच्या तसा लावू नका, पण चारातलं एक म्हणजे ही काही दुर्मिळ गोष्ट नाही एवढं कळलं तरी पुष्कळ.

आणि तरी स्टेजवर हे चारातलं एक मूल दिसत नाही, कारण स्टेजच त्याला परवडणारं नसतं. कार्यक्रम म्हटला की माइक आला, माइकची शिट्टी आली, फुगे आले, टाळ्या आल्या, पाहुणे अर्धा तास उशिरा आले. मी एका मॉलमधल्या २ एप्रिलच्या कार्यक्रमाला गेले होते, स्पीकरच्या आवाजाने माझंच डोकं उठलं, आणि ज्यांच्या नावाने कार्यक्रम त्यातली दोन मुलं कानावर हात ठेवून पार्किंगमध्ये आईबरोबर उभी. आत जागरूकता चालू होती. जो मुलगा स्टेजवर उभा राहू शकतो तोच दिसणार ना मग, आणि जो दिसतो तोच ऑटिझम असं लोकांना वाटणार.

इथे एक गोष्ट मात्र मला स्पष्ट बोलायचीय कारण पालकांच्या गप्पांमध्ये मी हे सारखं ऐकते, की जे बोलणारे ऑटिस्टिक लोक आहेत ते आपलं नुकसान करतात, तेच म्हणतात की हा आजार नाही, वेगळेपण आहे, आणि आपली पोरं मागे राहतात. १८ जूनला ऑटिस्टिक प्राइड डे असतो, २००५ पासून, तो त्यांनीच सुरू केलेला, आणि तो बघून काही आयांना चीड येते, रात्री ३ ला पोराचे दोन्ही हात धरून बसलेल्या बाईला प्राइड वगैरे ऐकवणार कोण. चीड समजते मला. पण १ मार्चला काय असतं ते माहितीये का? अपंग माणसांचा जीव त्यांच्याच घरच्यांच्या किंवा सांभाळणाऱ्यांच्या हातून गेला, अशांच्या आठवणीचा दिवस, २०१२ पासून, आणि तो सुरू करणारे हेच ऑटिस्टिक लोक. त्यात आठवण काढतात ती आपल्या पोरांसारख्यांचीच. आणि न बोलणाऱ्याला बोलायचं साधन द्या, त्याला बांधून ठेवू नका, कोंडून ठेवू नका हेही सगळ्यात जास्त तेच ओरडून सांगत आलेत. त्यामुळे भांडण त्यांच्याशी लावून घेऊ नका. ज्याला नोकरीत हेडफोन घालायची परवानगी हवीय आणि ज्याला जन्मभर माणूस हवाय, दोघांच्या मागण्या वेगळ्या आहेत, एकाला मिळालं म्हणून दुसऱ्याचं कमी होत नाही.

मग वेगळा दिवस हवा का? माझं प्रामाणिक मत, नको. किंवा असं म्हणते, त्यासाठी ताकद घालवू नका. दिवसांची आपल्याकडे कमी नाहीये. ३ डिसेंबर जागतिक दिव्यांग दिन, १९९२ पासूनचा. ८ डिसेंबरला विशेष शाळांमधून बौद्धिक अक्षमतेचा दिवस करतात. १७ नोव्हेंबर राष्ट्रीय एपिलेप्सी दिन, आणि तुमच्या मुलासारख्या बऱ्याच जणांना फिट्स असतात त्यामुळे तोही तुमचाच. ऑक्टोबर पूर्ण महिना एएसीचा, म्हणजे चित्रं, कार्ड, टॅब यांनी बोलण्याचा. २९ ऑक्टोबर तर नवीनच आहे, संयुक्त राष्ट्रांनी २०२३ ला ठरवलेला, काळजी आणि आधार दिन, सांभाळणाऱ्यांसाठीचा, म्हणजे ताई तुमच्यासाठीचा, आणि तो कोणाच्या गावीही नाही. एवढे दिवस आहेत आणि एकाही दिवसाने तुम्हाला चार तास झोप मिळवून दिली का? आणखी एक आला तर आणखी एक बॅनर लागेल, आणखी एक सेल्फी पॉइंट.

आपल्या दिव्यांग हक्क कायद्यात, २०१६ च्या, दोन कलमं शेजारी शेजारी आहेत. कलम ३८ आणि कलम ३९. ३९ मध्ये लिहिलंय की सरकारने जनजागृतीच्या मोहिमा काढायच्या. आणि त्याच्या अगदी आधीचं ३८ काय आहे तर हाय सपोर्ट नीड्स, जास्त आधार लागणाऱ्या माणसांनी किंवा त्यांच्या वतीने कोणीही अर्ज करायचा, मग असेसमेंट बोर्डाने तपासायचं आणि काय आधार द्यायचा ते ठरवायचं. ३९ सगळ्यांना आवडतं, त्यात रॅली निघते, टोप्या वाटतात. ३८ बद्दल मी पालकांना विचारते तेव्हा दहातले नऊ जण म्हणतात मॅडम हे काय असतं. तीव्र ऑटिझमवाल्यांचा दिवस जर कुठे असेल तर तो या ३८ मध्ये आहे, आणि २ एप्रिलला ३९ चा कार्यक्रम करणाऱ्या प्रत्येकाला ३८ चं काय झालं हे विचारायचं, माझं म्हणणं एवढंच. माहितीच्या अधिकारात विचारा ना, आपल्या जिल्ह्यातून कलम ३८ खाली किती अर्ज आले, किती निकाली निघाले. दहा रुपयांचा अर्ज आहे. शंभर फुग्यांपेक्षा जास्त हलवेल तो.

आता २ एप्रिलला काय करायचं. मी पालकांना सांगते की आधी स्वतःच्या घरच्या कागदांचा दिवस करा. योगायोग असा की निरामय विम्याचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि ३१ मार्चला संपतं. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची योजना आहे, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी, १ लाखापर्यंत कव्हर, आधी मेडिकल चेकअप मागत नाहीत, आणि थेरपीचे आणि ओपीडीचे पैसेसुद्धा मर्यादेत मिळतात जे बाहेरच्या पॉलिसीत मिळणं मुश्कील. रिन्यू करायचं राहून गेलं आणि मग जूनमध्ये पोरगा ॲडमिट, हे मी इतक्या घरांत बघितलंय की काय सांगू. तर २ एप्रिल दिसला की निरामय आठवायचं.

दुसरा कागद सर्टिफिकेट. तुमच्या मुलाचं लहानपणी झालं असेल तर परत बघून घ्या. आपल्याकडे ऑटिझम मोजायला इसा नावाची स्केल वापरतात, ४० मुद्दे आहेत, १५३ च्या वर स्कोअर गेला की तीव्र धरतात. कधी काय होतं की पोरगं लहान असताना डॉक्टर हळवे होऊन किंवा आईच रडते म्हणून जरा सौम्य लिहितात, पुढे सुधारेल या आशेने, आणि मग १७ व्या वर्षी टक्केवारी कमी म्हणून फायदे अडतात. इन्कम टॅक्सचंच बघा, जुन्या पद्धतीने रिटर्न भरत असाल तर ८० डीडी मध्ये ७५ हजारांची वजावट आहे पण अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची. तपासणीला नेताना मुलाला नवे कपडे, तेल-पावडर करून शहाण्यासारखा बसवून नेऊ नका, जसा आहे तसा न्या, आणि त्याचे वाईट दिवस कसे असतात ते लिहून न्या, डॉक्टरांना दहा मिनिटांत ते दिसत नाही.

तिसरा आणि सगळ्यात महत्त्वाचा, १८ वर्षं. ताई, तुमच्याकडे एक वर्षसुद्धा नाहीये म्हणून हे जोरात सांगते. १८ पूर्ण झाले की कायद्याच्या नजरेत तो सज्ञान, तुम्ही आई म्हणून आपोआप पालक राहत नाही. बँकेत समजतं हे, किंवा प्रॉपर्टीच्या वेळी, आणि तेव्हा धावपळ होते. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली लोकल लेव्हल कमिटी असते, तिच्यात कलेक्टर, एका नोंदणीकृत संस्थेचा माणूस आणि एक दिव्यांग व्यक्ती, तिच्याकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करायचा. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हे सगळं नवी मुंबई असलं तरी ठाणे जिल्हा, म्हणजे तुम्हाला ठाण्याला कलेक्टर कचेरीत यायचं. खारघर, कामोठे, पनवेलवाल्यांनो तुम्ही रायगड जिल्हा, तुमचं अलिबाग. दरवर्षी कोणीतरी खारघरहून ठाण्याला येऊन परत जातं, म्हणून मुद्दाम लिहिलं. पालकत्व मिळालं की सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते, तेही विसरू नका. आणि पालक म्हणून फक्त आई-बाबांची नावं घालून गप्प बसू नका, तुमच्यानंतर कोण हे आत्ताच घरात बोला, बहिणीला गृहीत धरू नका, तिला विचारा.

कागद झाले. आता आजूबाजूची माणसं. जागरूकता करायचीच तर मी म्हणेन क्लब हाऊसमध्ये भाषण ठेवण्यापेक्षा गेटवर जा. तुमच्या बिल्डिंगचे वॉचमन, दिवसाचा आणि रात्रीचा दोन्ही, लिफ्टवाला असेल तर तो, कोपऱ्यावरचा रिक्षा स्टँड, किराणावाला. यांना मुलगा दाखवा, नाव सांगा, हा एकटा गेटबाहेर दिसला तर हात धरू नका, समोर उभे राहा आणि मला फोन करा, एवढंच. आमची बरीच मुलं पळतात. आणि पळाली की पाण्याकडे जातात, हे जगभर दिसलेलं आहे, हरवलेल्या ऑटिस्टिक मुलांचे जीव बुडून जाण्याचं प्रमाण खूप आहे. ठाणं तलावांचं शहर, तलावपाळी काय, उपवन काय, कचराळी काय, आणि नवी मुंबईत होल्डिंग पाँड आणि खाडी. तुमच्या ऐरोलीला तर खाडी चालत जायच्या अंतरावर. मुलगा दिसेनासा झाला की नातेवाइकांना फोन करत बसायचं नाही, पहिला माणूस जवळच्या पाण्याकडे पळवायचा आणि दुसऱ्याने ११२ लावायचा. हे वॉचमनला पाठ पाहिजे. दोन सोसायट्यांमध्ये आम्ही असं करून घेतलंय, खर्च शून्य, वॉचमन लोकांनी जितकं नीट ऐकलं तितकं कमिटीच्या मेंबरांनीसुद्धा ऐकलं नव्हतं.

आणि डॉक्टर. हा माझा आवडता मुद्दा आहे म्हणजे इथे मी थांबत नाही. न बोलणारं मूल अचानक स्वतःला मारायला लागलं, चावायला लागलं, रात्रीची झोप गेली, की सगळे म्हणतात ऑटिझम वाढला. ऑटिझम असा आठवड्यात वाढत नाही हो. दुखतंय काहीतरी. दात, कान, पोट, बद्धकोष्ठ, ॲसिडिटी, मुलींना पाळीचं दुखणं, कधी लक्षात न आलेल्या बारीक फिट्स. त्याला सांगता येत नाही म्हणून तो जिथे दुखतं तिथे किंवा त्याच्या आसपास मारतो. तुम्ही म्हणालात कानशिलात मारून घेतो. शेवटचं कान आणि दात कधी तपासलेत? १७ वय म्हणजे अक्कलदाढ यायचं वय, आपल्यालाच जबडा धरून बसावं लागतं त्यात. रिस्पेरिडोन, ॲरिपिप्राझोल या गोळ्यांचा उपयोग होतो, चिडचिड आणि मारामारीसाठी त्या मान्यताप्राप्त आहेत, मी विरोधात नाही, पण दुखणं शोधायच्या आधी डोस वाढवला की पोरगं गप्प बसतं आणि दात किडत राहतो. आणि वजन वाढतं ते वेगळंच, मग ऐंशी किलोच्या मुलाला धरणार कोण. मला जर कोणी २ एप्रिलला बोलायला पाच मिनिटं दिली तर मी फॅमिली डॉक्टर आणि डेंटिस्ट लोकांसमोर एवढंच बोलेन. मोठी मुलं तोंड उघडत नाहीत म्हणून दाताच्या दवाखान्यातून परत पाठवतात, पण दोन-तीनदा नुसतं खुर्चीत बसवून आणायची प्रॅक्टिस केली, किंवा भूल देऊन करणारं मोठं हॉस्पिटल बघितलं, तर होतं काम.

बोलण्याचं साधन हाही असाच राहून गेलेला विषय. १७ वर्षांचा झाला आता काय शिकणार असं बऱ्याच आयांना सांगितलं जातं. शिकतात. पन्नास शब्द नाही शिकणार कदाचित, पण पाणी, संडास, नको, दुखतंय, बाहेर, बस एवढी पाच-सहा चित्रं आली तरी घरातली निम्मी आदळआपट कमी होते. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात तयार झालेलं जेलो नावाचं ॲप फुकट आहे आणि मराठीत पण चालतं. टॅब फेकून देत असेल तर लॅमिनेट केलेली कार्डं गळ्यात अडकवा, ॲपचा हट्ट नाही. बाकी वाशीला दिव्यांग मुलांसाठी महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे, खारघरला नीपिडचं, म्हणजे बौद्धिक अक्षमतेसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेचं, प्रादेशिक केंद्र आहे, ठाण्यात महापालिकेची जिद्द ही विशेष शाळा आहे, जवळचं बघून विचारायला जा, खाजगी थेरपीच्या पैशाने घर मोडू नका.

सोसायटीला तरीही २ एप्रिलला काहीतरी करायचंच असेल, आणि लोक चांगल्या मनाने करतात, त्यांना तोडू नका, तर त्यांना काम द्या. म्हणा की यावर्षी दिवे नको, गणपतीत आणि दहीहंडीत स्पीकरचं तोंड आमच्या विंगकडे करू नका आणि डीजे कधी लागणार ते आदल्या दिवशी ग्रुपवर टाका, म्हणजे आम्ही त्याला घेऊन आत्याकडे जाऊ. म्हणा की स्विमिंग पूलच्या गेटला कडी लावा. म्हणा की खालून ओरडल्याचा आवाज आला तर पोलिसात तक्रार करायच्या आधी इंटरकॉम करा. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, कोणीतरी दोन जणांनी महिन्यातून एकदा तासभर येऊन त्याच्याजवळ बसा, म्हणजे आईला केस धुता येतील. हे ऐकून काही जण गप्प होतील, पण कोणीतरी एक जण येतो, माझ्या अनुभवात येतोच, बहुतेक वेळा एखादे रिटायर्ड काका.

व्हिडिओबद्दल विचारलं नाहीत पण सांगते. काही पालक खरं ऑटिझम दाखवायचं म्हणून पोराच्या मेल्टडाऊनचे, म्हणजे तो पार अनावर होतो तेव्हाचे, व्हिडिओ टाकतात, रक्त आलेलं, कपडे फाटलेले. हेतू कळतो, गोड व्हिडिओंना उत्तर म्हणून टाकतात. पण तो सतरा वर्षांचा मुलगा आहे, त्याला विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता का? उद्या तो तीस वर्षांचा होईल तेव्हाही तो व्हिडिओ फिरत असेल. तो व्हिडिओ डॉक्टरांसाठी जरूर काढा, त्याने खरंच मदत होते, किती वेळ चाललं, आधी काय झालं होतं ते दिसतं, पण ग्रुपवर तुम्ही तुमच्या तोंडाने सांगा. आईने स्वतःचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत नुसता सांगितला तरी हॉल शांत होतो, पोराचा चेहरा दाखवायची गरज पडत नाही. आणि त्याला कार्यक्रमाला नेलंच पाहिजे असंही नाही. न्यायचंच असेल तर सगळे यायच्या आधी दहा मिनिटं नेऊन, जागा दाखवून, आवडीचं काहीतरी देऊन परत आणा.

राहता राहिली मागणी कुठे करायची ती. संयुक्त राष्ट्रांचा दिवस हवा असेल तर तिथे माणसं किंवा संस्था जाऊन मागत नाहीत, एखाद्या देशाने आमसभेत ठराव आणावा लागतो, जसा कतारने आणला, म्हणजे आपल्याला दिल्लीत सामाजिक न्याय मंत्रालयाच्या मागे लागावं लागेल आणि त्याला वर्षं जातील. राज्यापुरतं म्हणाल तर महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याण विभाग वेगळा झालाय, आणि दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्याला आहे, तिकडे पत्र देता येतं. पण पत्र देणारच असाल तर त्यात वेगळी तारीख मागू नका, असं मागा की २ एप्रिलच्या सरकारी कार्यक्रमात १८ वर्षांवरच्या आणि चोवीस तास आधार लागणाऱ्या लोकांसाठी जिल्ह्यात काय सोय आहे हे दरवर्षी जाहीर सांगावं, किती डे केअर, कायम राहायची किती ठिकाणं, कलम ३८ खाली किती अर्ज. नॅशनल ट्रस्टची घरौंदा योजना मोठ्यांच्या निवासासाठीच आहे, ठाणे जिल्ह्यात तिच्या किती जागा आहेत हा एक प्रश्न त्यात नक्की घाला. एकटीच्या नावाने देऊ नका, ऐरोली-घणसोलीतल्या चार-पाच पालकांच्या सह्या घ्या, दोन प्रती काढा, एकीवर आवक शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. आणि त्याच फेरीत ठाण्याला पालकत्वाच्या अर्जाची चौकशी पण करून या, परत सुट्टी टाकायला नको.